साहेबांची पायपरीक्षा

कोल्हापुरी चप्पल नवीन असली की चावते. आणि साहेबांना काही चावलेलं चालत नाही. म्हणून दर निवडणुकीआधी साहेबांची नवी चप्पल महिनाभर उदय शिंत्रेच्या पायात असायची.

उदय हा सर्जेराव थोरबोले यांचा पीए. थोरबोले म्हणजे गारवड्याचे आमदार, राज्याचे कुटुंबसंस्कार मंत्री आणि त्यांच्याच पोस्टरवर लिहिल्याप्रमाणे 'घराघरातला थोरला भाऊ'. पहिल्या निवडणुकीत ते कोरी करकरीत चप्पल घालून अर्ज भरायला निघाले. चौकात पोचेपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले आणि दुसऱ्या दिवशी पेपरात लंगडणाऱ्या उमेदवाराचा फोटो. विरोधकांनी त्याचंच पोस्टर केलं, खाली लिहिलं, 'आत्ताच ही अवस्था!' त्यानंतर नोकरीसाठी मुलाखतीला आलेल्या उदयच्या पायांकडं साहेबांनी टक लावून बघितलं आणि विचारलं, "नंबर किती?"

"नऊ, साहेब."

"उद्यापास्नं ये."

त्याचं राज्यशास्त्रातलं एम.ए. साहेबांना पुढं कधीतरी कळलं.

"घरात चप्पल, उदय? घरात?" अस्मिता करवादायची. अस्मिता त्याची बायको. मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका, कबड्डीची कोच. गळ्यातली शिट्टी घरीसुद्धा उतरायची नाही. दूध उतू जायला लागलं तरी वाजायची.

"नवीन आहे गं. रस्त्याला लागलेली नाही अजून."

"करकर करकर. भूत फिरल्यासारखं वाटतं."

पण गॅलरीतले कपडे काढायला जाताना ती स्वतः तीच चप्पल पायात सरकवायची, कारण दाराशी सगळ्यात पुढं तीच असायची. "मंत्र्याच्या चपलेत पाय घालतेयस," उदय चिडवायचा.

"मंत्र्याच्या कुठं? घाम तुझा, फोड तुझे. त्यांना काय, फोटोपुरती घालायची."

या चपलेवरून सरकार हलेल असं तेव्हा दोघांच्या स्वप्नातही नव्हतं.

आता यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. कारण पुढचा घोळ यंत्रानं घातला असं सगळे म्हणतात, आणि ते बिचारं एकटंच काय ते खरं बोलत होतं.

माणसाच्या कातडीवर जंतू असतात, कोट्यवधी. बहुतेक निरुपद्रवी. पण प्रत्येक घरात त्यांचं मिश्रण वेगळं, जशी प्रत्येक घरच्या आमटीची चव वेगळी. एका फरशीवर अनवाणी चालणारी, एका मोरीत पाय धुणारी, एका अंथरुणात झोपणारी माणसं हे जंतू एकमेकांना देत-घेत राहतात. तळपायांवर तर सगळ्यात जास्त. नवरा-बायकोचे तळपाय या बाबतीत इतके सारखे होतात की नुसत्या जंतूंचा डीएनए वाचून मोठ्या गर्दीतून जोडी लावता येते. शास्त्रज्ञांना हे बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. नवीन एवढंच झालं की ज्या कामाला पूर्वी आठवडे लागायचे, ते अर्ध्या तासात करणारं वॉशिंग मशीनएवढं यंत्र निघालं. तळपायावर कापसाचा बोळा फिरवायचा, यंत्रात टाकायचा, आणि हा माणूस कोणाबरोबर राहतो ते पडद्यावर वाचायचं. नाव ठेवलं सहवासमापक. लोक म्हणायला लागले पायपरीक्षा.

यंत्र खरं साथीचे रोग शोधायला बनवलेलं. पण मधुमेहाच्या 'निरोगी पाऊल' मोहिमेत सरकारनं घराघरांतून सगळ्यांच्या तळपायांचे नमुने आधीच घेऊन ठेवले होते. म्हणजे ताडून बघायला अख्खं राज्य तयार होतं.

माहितीपत्रकात शेवटच्या पानावर आणखी एक गोष्ट बारीक अक्षरांत होती. पाय घासून निर्जंतुक केले तर ती जागा रिकामी राहत नाही. नांगरलेल्या वावरात जे बी पडेल ते उगवतं, तसे जे जंतू पहिल्यांदा येतील ते तिथं घर करतात. हे पान साहेबांनी वाचलं नाही. साहेबांना वाचून दाखवायचं काम उदयचं होतं, आणि त्यानंही वाचलं नाही.

त्याच सुमारास विरोधी पक्षाचे धैर्यशील बागणे यांचं एका बाईंबरोबरचं प्रकरण बाहेर आलं. साहेबांच्या अंगात संचारलंच. "ज्याला एक घर सांभाळता येत नाही, तो राज्य काय सांभाळणार?" असं गावोगाव गरजत त्यांनी कुटुंबनिष्ठा कायदा आणला. उमेदवारानं अर्ज भरताना सगळ्यांसमोर पायपरीक्षा द्यायची. परक्या स्त्रीचा सहवास दिसला की अर्ज बाद. शंका असेल तर पंधरा दिवसांनी एकदाच फेरपरीक्षा.

यंत्राची चाचणी आमदारांवरच झाली आणि तिथं पहिली गंमत झाली. मधे सरकार पाडायच्या भानगडीत चाळीस आमदार डोंगरातल्या एका रिसॉर्टवर महिनाभर कोंडून ठेवलेले होते, ते नुकतेच परतले होते. चाचणीत ते चाळीसही जण एकमेकांचे संसारी जोडीदार निघाले. त्यातले काही दरम्यान पुन्हा विरोधी पक्षात गेले होते, त्यांचाही सत्ताधाऱ्यांशी सहवास नव्वद टक्के. पडद्यावर नावं संपेचनात.

साहेबांनी तातडीनं दुरुस्ती मांडली. "पुरुषमाणसं दौऱ्यावर एकत्र राहणारच की! त्याला सहवास कसा म्हणायचा? पडद्यावर पुरुषांची नावं दाखवायचीच न्हाईत. फक्त बायकांची." दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली. बागणेंच्या पक्षानंसुद्धा बाकं वाजवली. महिला उमेदवारांचं काय, असं एका आमदारबाईंनी विचारलं. त्यांना पुढच्या अधिवेशनात उत्तर मिळणार होतं.

उदयला मात्र झोप लागेना. कारण मंगळवारी आणि शुक्रवारी साहेब 'आढावा बैठकी'ला असायचे. ही बैठक गावाबाहेर शलाका देव नावाच्या बाईंच्या बंगल्यात व्हायची, आणि बैठकीला दोघंच असायचे. उदय स्वयंपाकघरात बसून शेंगदाण्याचे लाडू खात फोन उचलायचा. "साहेब आढावा बैठकीत आहेत." कलेक्टरला तेच, पत्रकारांना तेच, साहेबांच्या बायकोला, म्हणजे इंदुवहिनींना, तेच. आणि घरी उशिरा पोचल्यावर अस्मितालाही तेच. इतकी वर्षं म्हणून म्हणून त्याला झोपेतही त्या वाक्यावर अडखळता येत नव्हतं.

"साहेब, तुमच्याच कायद्यात तुम्ही सापडाल," तो एकदा धीर करून म्हणाला.

"मी? लेका, कायदा मी आणलाय. मग मी स्वच्छच की!"

"पण आढावा बैठक..."

साहेबांनी दार लावून घेतलं. मग एका त्वचारोगतज्ज्ञाला बोलावलं. त्यानं औषधी साबण, ब्रश आणि जंतुनाशक दिलं. महिनाभर आढावा बंद आणि दिवसातून तीनदा पाय घासायचे. घरात साहेब वरच्या मजल्यावर राहायचे, त्यांचा जिना वेगळा होता. तिथं खुर्चीत बसून ते पाय पुढं करायचे आणि कार्यकर्ते घासायचे. अर्ज भरायच्या दिवशी साहेबांचे तळपाय सोललेल्या बटाट्यासारखे दिसत होते. जंतूचा मागमूस नाही.

त्या बटाट्यांवर उदयनं महिनाभर घामानं, तेलानं मऊ केलेली चप्पल चढवली.

"वा!" साहेब म्हणाले. "लोणी हाय लोणी."

आणि ते त्या चपलेत भर उन्हात, गर्दीत, देवळापासून निवडणूक कचेरीपर्यंत चालत गेले.

कचेरीच्या पटांगणात मोठा पडदा लावलेला. बँडवाल्याला सांगून ठेवलेलं, निकाल दिसला की वाजव. नमुना घेतला, यंत्र घुर्र घुर्र करायला लागलं. अर्धा तास साहेब निष्ठेवर बोलले. मग पडदा उजळला.

सहवास आढळला: एक स्त्री.

नाव: अस्मिता उदय शिंत्रे.

जुळणी: ९१ टक्के.

बँड सुरू झाला. ठरल्याप्रमाणे. कोपऱ्यातल्या कार्यकर्त्यानं पाच हजारांची माळ पेटवली. "थोरल्या भावाचा विजय असो!" असं सवयीनं कोणीतरी ओरडलं आणि सवयीनंच शेकडो लोकांनी साथ दिली. पडदा वाचून झालेले गप्प, न वाचलेले नाचतायत, असा बराच वेळ गेला.

उदयनं पडद्याकडं पाहिलं आणि मग साहेबांच्या पायांकडं. त्याचंही नाव आत कुठंतरी असणारच. पण पुरुषांची नावं दाखवायची नाहीत, ही दुरुस्ती साहेबांचीच.

साहेब त्याच्याजवळ सरकले. "उदय, ही अस्मिता म्हणजे आपली...?"

"माझी, साहेब."

"कोण?"

"बायको."

"मी कधी आलोय तुझ्या घरी?"

"कधीच नाही साहेब."

"मग हे काय?"

"चप्पल, साहेब."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. शलाका देव. "शिंत्रे, ही अस्मिता कोण?"

"माझी बायको, मॅडम."

"बायको! आणि तुम्ही मला इतके दिवस बोलला नाहीत? माझ्याकडं लाडू खात होतात आणि पाठीमागं हे?"

"मॅडम, तसं काही—"

"माझा विश्वासघात केला त्यांनी!" आणि बाई हुंदके द्यायला लागल्या.

उदयनं फोन कानापासून लांब धरला. ज्या बाईला जगापासून लपवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, ती साहेबांच्या बाहेरख्यालीपणाबद्दल त्याच्याकडंच रडत होती. आणि ती दुसरी बाई म्हणजे त्याची स्वतःची बायको. आता कोणावर चिडायचं हेसुद्धा त्याला सुचेना.

कचेरीच्या मागच्या खोलीत त्यानं साहेबांना गाठलं. "सांगून टाका साहेब. चप्पल माझ्या घरात होती, मी वापरली, अस्मितानं वापरली. दोन मिनिटांत विषय संपतो."

"संपतो की सुरू होतो?" साहेबांनी चप्पल काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडं सापाकडं बघावं तसं बघितलं. "चपलेनं निकाल बदलतो असं मी म्हटलं की उद्या बागणे म्हणणार, माझीबी चप्पल बदलली होती. कायदाच बुडाला. माझ्या भाषणात दुसरं हाय काय?"

"मग माझ्या बायकोचं काय, साहेब?"

"तेच म्हणतोय. कायद्यात शब्द काय हाय? परकी स्त्री. बहीण परकी असती का?" साहेबांचे डोळे चमकायला लागले. "अस्मिता माझी मानलेली बहीण. टीव्हीवर राखी बांधून घेऊ. सगळे रडतील."

"साहेब, जानेवारी आहे."

"भावाला महिना नसतो, उदय."

उदयच्या घरासमोर ही गर्दी. कॅमेरे, शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे. फाटकात अस्मिताच्या शाळेच्या कबड्डी संघानं हातात हात घालून साखळी धरलेली. एक पत्रकार आत घुसायला बघत होता, त्याची मुलींनी व्यवस्थित पकड केली. उदयला तेवढं सोडलं, पण एकीनंही नमस्कार केला नाही.

अस्मिता स्वयंपाकघरात उभी होती. शाळेचा फोन येऊन गेला होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, प्रकरण मिटेपर्यंत मैदानावर येऊ नका. पालक नावं ठेवतायत. राज्य स्पर्धा तोंडावर होती.

"अहो," ती म्हणाली.

एरवी ती उदयला नावानं हाक मारायची. 'अहो' म्हणाली की समजायचं, आता काही खरं नाही.

"चप्पल," तो घाईघाईनं म्हणाला.

"ते कळलं मला. माझे पाय कुठं असतात ते मला माहीत आहे. मला दुसरंच विचारायचंय. त्यांनी पाय एवढे घासले का? महिनाभर तूच सांगतोयस, साबण, ब्रश, तीनदा. काय पुसत होते?"

उदय माठाकडं वळला.

"आढावा बैठक म्हणजे काय, उदय?"

त्यानं सांगितलं. मंगळवार, शुक्रवार, बंगला, लाडू. सांगताना त्याचं त्यालाच ते इतकं फालतू वाटलं की मधेच थांबावंसं वाटलं, पण अस्मिता शिट्टी बोटांत फिरवत ऐकत होती. शिट्टी फिरायची थांबेना म्हणून तोही थांबला नाही.

"म्हणजे तू तिथं लाडू खात होतास," शेवटी ती म्हणाली, "आणि मी इथं तुझं ताट झाकून बसत होते. बिचारा, काम फार असतं त्याला, असं आईला सांगत होते."

"खोटं साहेबांचं होतं, अस्मिता."

"बोलत तू होतास."

बाहेर कोणीतरी लाउडस्पीकरवर तिचं नाव घेत होतं. मग उदयनं मान खाली घालून राखीचं सांगितलं, आणि पाठोपाठ म्हणाला, "तू नाही म्हण. मी उद्याच नोकरी सोडतो."

"बांधते की."

"काय?"

"राखी. भाऊ म्हणतोय तर भावाला नाही कसं म्हणायचं?" तिनं शिट्टी गळ्यात घातली. "जेवायचं असेल तर घे वाढून. ताट झाकलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी पक्षाच्या सभागृहात पाट, रांगोळी, औक्षणाचं तबक, सगळं सजलं. फक्त राखी मिळेना. जानेवारीत कोण ठेवतंय? शेवटी एका कार्यकर्त्यानं घरच्या पोराची मागच्या श्रावणातली काढून आणली. प्लास्टिकचं विमान, त्यावर लाल दिवा, बटण दाबलं की लुकलुकणारा. इंदुवहिनींनाही आणून पहिल्या रांगेत बसवलेलं. त्या तिथं देवळात कीर्तन ऐकायला आल्यासारख्या शांत बसल्या होत्या.

आधी पत्रकारांनी उदयला धरलं. "शिंत्रे, तुम्ही नवरा आणि तुम्हीच पीए. तुम्हाला काय वाटतं?"

त्याच्या हातात साहेबांनी दिलेलं वाक्य होतं, 'साहेब आमच्या घरचेच.' त्यानं तोंड उघडलं आणि समोर अस्मिता दिसली. ती त्याच्याकडं बघत होती, चढाईला गेलेला गडी परत येतो की नाही ते बघावं तशी.

"चप्पल माझी होती," उदय म्हणाला. "म्हणजे साहेबांची, पण महिनाभर मी वापरली. माझी बायकोही वापरायची. साहेबांनी पाय घासून घेतले होते, म्हणून चपलेतले जंतू त्यांच्या पायाला लागले. साहेब माझ्या घरी कधी आलेले नाहीत. माझ्या बायकोचा यात काडीचा संबंध नाही."

सभागृह हसायला लागलं. मागच्या रांगेतला एक म्हातारा पत्रकार डोळे पुसत म्हणाला, "शिंत्रे, साहेबांना डेंग्यू झाल्याची थाप बरी होती हो. ही काहीच्या काही झाली!"

"अहो, खरं आहे हे!"

"डेंग्यूच्या वेळी पण असंच म्हणाला होतात."

उदयला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं. आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर खरं बोलला, तर ही कथा. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, "भावनेच्या भरात हाय बिचारा. चला, ताई."

अस्मितानं ओवाळलं. राखी बांधली. बटण दाबलं. विमान लुकलुकायला लागलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांना केव्हाही आणता यायचं. "बोल ताई! ओवाळणीत काय देऊ? माग, काय पाहिजे ते माग!"

"काहीही मागू?"

"थोरल्या भावाचा शब्द हाय. राज्य बघतंय!"

"मग दादा, फेरपरीक्षा द्या," अस्मिता म्हणाली.

साहेबांचा हात तबकावरच राहिला.

"कायद्यात एकदा मुभा आहे. साबण बंद, चप्पल बंद. पंधरा दिवस अनवाणी, स्वतःच्या घरात, दाराशी पोलीस. तुम्ही माझ्या घरी राहत नाही, मग माझं नाव आपोआप जाईल. बहिणीचं नाव असं चव्हाट्यावर राहिलेलं भावाला कसं चालेल?"

सभागृहातल्या बायकांनी टाळ्या सुरू केल्या. इंदुवहिनींनीही वाजवल्या, हळू, पण शेवटपर्यंत. साहेब कॅमेऱ्याकडं बघत होते, मनगटावर विमान लुकलुकत होतं, आणि ओवाळणी नाकारायची कशी हे कुठल्याच भाषणात नव्हतं.

"दिली," ते म्हणाले.

साहेब अनवाणी घरी आले, मागं दोन पोलीस. इंदुवहिनी दारात उभ्या. उदय राजीनामा घेऊन तिथंच आला होता, त्यामुळं पुढचं त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"इंदू, पंधरा दिवस खालीच राहतो," साहेब लाडात येऊन म्हणाले. "आपल्या घरात."

"वर जा. जिना तुमचा वेगळा आहे."

"अगं, परीक्षा हाय..."

"या फरशीवर इतकी वर्षं पाय नाही ठेवलात. आता मार्क पाहिजेत म्हणून ठेवणार? पोछा मारलाय मी."

साहेब वर गेले. शलाका देवांनी फोन घेणंच सोडलं होतं. उदयनं पुढं केलेला राजीनामा साहेबांनी खिशात कोंबला. तो त्यांना कळला की नाही, सांगता येत नाही. वाचून दाखवायला आता कोणी नव्हतं. पंधरा दिवस ते गादीवर बसून पोलिसांबरोबर पत्ते खेळले आणि हरले.

फेरपरीक्षेला पहिल्यापेक्षा दुप्पट गर्दी होती. उदय आणि अस्मिता पटांगणाच्या कडेला उभे होते, मधे हातभर अंतर ठेवून. यंत्र घुरघुरलं. पडदा उजळला.

सहवास: आढळला नाही.

अस्मितानं शिट्टी तोंडात धरली आणि अशी फुंकली की कचेरीच्या छपरावरची कबुतरं उडाली. तिचा फोन लगेच वाजला. मुख्याध्यापिका. "मॅडम, मुली विचारतायत, सराव किती वाजता?" हे बोलताना बाईंच्या आवाजात कसलाही संकोच नव्हता, जणू मधले पंधरा दिवस झालेच नव्हते.

उदयनं सुटकेचा श्वास सोडला. तो अर्धाच सुटला असेल, तेवढ्यात माइक खरखरला.

"बघितलंत?" साहेबांनी दोन्ही हात वर केले होते. "कोणी न्हाई! एकबी बाई न्हाई! अरे, माझं लग्न जनतेशी लागलंय! मी मनानं ब्रह्मचारी माणूस!"

"ब्रह्मचारी थोरल्या भावाचा विजय असो!"

बँड सुरू झाला. माळ पेटली. बायाबापड्या साहेबांच्या अनवाणी पायांवर डोकं ठेवायला धावल्या. दोन आठवड्यांपूर्वी याच लोकांनी याच माणसाच्या पोस्टरला शेण फासलं होतं. उदयनं कपाळाला हात लावला. "बघ," तो अस्मिताला म्हणाला, "आता हाच मुख्यमंत्री होणार. माझा शब्द लिहून ठेव."

"तुझा शब्द?" अस्मितानं भुवई उंचावली.

गर्दीतून एका पत्रकाराला इंदुवहिनी सापडल्या. त्यानं माइक पुढं केला. "वहिनीसाहेब, अभिनंदन! शिंत्रेबाईंचं नाव गेलं. आता पडद्यावर कोणाचंच नाव नाही. तुम्हाला काय वाटतं?"

इंदुवहिनींनी पदर सारखा केला. "पहिल्या वेळी पडद्यावर किती नावं होती?"

"एकच. शिंत्रेबाईंचं."

"आणि ह्यांच्या घरात मी राहते. लग्न करून आणलंय मला." त्या सावकाश, भाजी निवडल्यासारखं एकेक शब्द निवडत बोलत होत्या, पण माइक चालू होता आणि पटांगणभर ऐकू येत होतं. "मग माझं नाव का नाही, असं तुमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. दुसरी बाई कोण, दुसरी बाई कोण. पहिली कुठाय?"

बँड थांबला. बँडवाल्यानं आपणहून थांबवला, त्याच्या हयातीत पहिल्यांदाच. साहेबांचे हात तसेच वर राहिले. त्यांनी त्याला डोळ्यांनी खुणावलं, वाजव, वाजव. बँडवाल्यानं क्लॅरिनेट पिशवीत घातलं. इंदुवहिनी रिक्षा बघायला निघाल्या, तेव्हा बायांनी त्यांना वाट करून दिली आणि मग त्याही एकेक करून निघाल्या. साहेबांच्या पायांवर डोकं ठेवलेली एक म्हातारी उठली, कपाळ पुसलं आणि गेली.

उदय आणि अस्मिता घरी पोचले. दाराशी ती थांबली. "पाय धुवून ये."

"साबण?"

"पाणी पुरे."

अंगणातल्या नळाखाली त्यानं पाय धुतले, आत आला. दाराशी चपलेची जागा रिकामी होती. तिथं अस्मितानं आपले खेळाचे बूट काढून ठेवले. स्वयंपाकघरात तिनं ताट वाढलं, एकच, आणि समोर खुर्ची ओढून बसली.

"त्या दिवशी सभागृहात तुझं कोणी ऐकलं नाही," ती म्हणाली. "मी ऐकलं. पण तेवढ्यानं भागत नाही."

"माहीत आहे."

"मग सुरू कर. पहिल्या मंगळवारपासून. लाडवासकट."

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांचा नवीन पीए, अगदी रडकुंडीला आलेला. "शिंत्रेसाहेब, इकडं सगळं उलटंपालटं झालंय हो. प्रचारासाठी दुसरी चप्पल आणलीय, ती चावतेय. आणि माझ्या पायाचा नंबर सात! साहेब विचारतायत, तुम्ही जरा—"

उदयनं अस्मिताकडं बघितलं. ती कोपर टेबलावर टेकून वाट बघत होती.

"आत्ता नाही जमणार," तो म्हणाला. "मी आढावा बैठकीत आहे."

आणि हे वाक्य उच्चारताना इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो अडखळला, कारण या खेपेला ते खरं होतं.